खालच्या आळीचं सांडपाणी: प्लांट घ्यावा का?

वॉर्ड_तीन:
नमस्कार. पुरंदर तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती 1200. मी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत निवडून आलेय. पूर्वी डोक्यावरून हंडे यायचे तेव्हा गटारं कोरडी असायची. घरोघरी नळ आले आणि मोऱ्यांचं पाणी उताराने खालच्या आळीत साचायला लागलं. तिथून ओढ्यात, आणि ओढ्यालगतच सार्वजनिक विहीर! दोन वर्षांपूर्वी आळीत 11 शोषखड्डे झाले, पहिल्याच पावसाळ्यात 9 तुंबले. आमच्या दारातला दिरांकडून उकरून घेतला. वर खरकटं आणि साबणाचा चिकट थर, खाली निव्वळ काळी माती.

आता एक जण सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मोटर-ब्लोअरच्या प्लांटचं इस्टिमेट घेऊन आलाय. सरपंच म्हणतात, वित्त आयोगाचा बंधित निधी (पाणी-स्वच्छतेवरच खर्च करायचा) पडून आहे, घेऊन टाकू. इथं रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल थकलंय, मोटरची वीज कुठून भरणार? काय करू?

मोजपट्टी:
ताई, आधी हिशोब. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज 55 लिटर, म्हणजे गावाला 66,000. त्यातलं साधारण 80 टक्के मोरीतून परत येतं, म्हणजे 53,000 च्या आसपास. दहा हजारी पाच टँकर, रोज.

ब्लोअरच्या टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात, त्यांना सतत हवा लागते. वीज बराच वेळ गेली की ते मरतात, टाकीला वास सुटतो आणि गाव म्हणतं प्लांट बोगस. नोकरीत असे दोन बंद पडलेले मी स्वतः पाहिलेत. एकात शेळ्या बांधल्या होत्या.

शोषखड्ड्यांना सरसकट नावं ठेवू नका. काळ्या मातीत ते चालत नाहीत, मुरुमात चालतात. फूटभर खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाणी ओतून माती भिजू द्या. सकाळी परत भरा, पट्टी उभी करा आणि तासाभरात किती उतरतं ते बघा. दोन्ही आळ्यांत करा. आणखी एक, जरा नाजूक आहे: सेप्टिक टँकचे पाइप कुणी गटारात सोडलेत का?

अंजीरवाला:
एवढं डोकं कशाला? माझ्या बांधाला सोडा, बाग पिऊन टाकेल. उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेतो.

मोजपट्टी:
बागेला द्या, पण गाळ खाली बसवून आणि बुंध्याशी. मेथी-कोथिंबिरीला अजिबात नको. आणि पावसाळ्यात तुम्हीच नको म्हणाल, तेव्हा ते कुठं जाणार?

वॉर्ड_तीन:
केलं काका. वरच्या आळीत मुरूम आहे, तासात 4 इंच उतरलं. खाली अर्धा इंचही नाही, पोरं हसत होती. पाइप शोधायला गटाराकडेने चालत गेले तर 7 सापडले. एक आमच्या चुलतसासऱ्यांचा. दोन दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत.

मोजपट्टी:
बोलतील. ते 7 आधी बंद करा. मैल्याचं पाणी मिसळलं की सगळा हिशोब बदलतो.

वरच्या आळीत घरटी शोषखड्डा, पण त्याआधी जाळीचं चेंबर हवंच. खरकटं तिथंच अडलं पाहिजे. विहिरीपासून जेवढं लांब तेवढं बरं. खालच्या आळीत माणसं किती? 200 धरली तर एक गाळ बसवायची टाकी, पुढे खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ. पाणी खडीच्या पोटातून सरकतं, वर दिसत नाही, त्यामुळे डासही नाहीत. माणशी एक-दोन चौरस मीटर लागतं, म्हणजे 2 ते 4 गुंठे. उतार आहेच, मोटर नको. टाकीतला गाळ मात्र वेळच्या वेळी काढावा लागेल. कोण काढणार आणि त्याला किती देणार, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, बांधकाम नंतर.

वॉर्ड_तीन:
माणसं 190. गावठाणात तीन गुंठे आहेत, पण तिथं सरपंचांच्या भावाचा कडबा रचलाय.

अंजीरवाला:
कडबा उचलायला ट्रॅक्टर माझा. पाणी मात्र मला.