प्रतिसाद: आराखड्याआधी अर्थ ठरवावा लागतो

डेटा आर्किटेक्ट, म्हणजे संस्थेची माहिती कशी मांडून साठवायची हे ठरवणारा, हा फक्त डेटाबेसमधल्या टेबलांचे (माहितीच्या तक्त्यांचे) आराखडे काढतो, असं म्हटलं जातं; ते मला अपुरं वाटतं. आराखडा त्यातला सोपा भाग. वेळ जातो तो शब्दांचे अर्थ ठरवण्यात. एका बँकेच्या प्रकल्पात 'ग्राहक' कोणाला म्हणायचं यावरच आमचे तीन आठवडे गेले. ठेव विभाग प्रत्येक खातं म्हणजे एक ग्राहक असं मोजायचा, कर्ज विभाग जामीनदारालाही ग्राहक धरायचा. एकच बाई तीन नोंदींत: माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि एकीकडे नुसती आद्याक्षरं. पॅनच्या १० अक्षर-अंकांवरून नोंदी जुळवाव्यात, तर बरीच जुनी खाती फॉर्म ६० वर उघडलेली, म्हणजे पॅनच नाही!

शेवटी कोणती नोंद खरी धरायची आणि ती बदलायचा हक्क कोणाचा, हे दोन्ही विभागप्रमुखांकडून लेखी घेतलं. आराखडा त्यानंतर चार दिवसांत झाला.