पुलाखालची कुटुंबे : पदपथ मोकळा व्हावा, पण ती माणसे कुठे जावीत?

प्रश्न : सचिव_मध्यमुंबई

आमची गृहनिर्माण संस्था मध्य मुंबईत एका उड्डाणपुलाला लागून आहे. पुलाखालच्या मोकळ्या जागेत आणि शेजारच्या पदपथावर सहा-सात वर्षांपासून बारा-तेरा कुटुंबे राहतात. त्यांतली बहुतेक पारधी समाजाची आहेत. बायका सिग्नलवर गजरे विकतात, पुरुष सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम घेतात. सचिव या नात्याने माझ्याकडे त्यांच्याविषयीच्या तक्रारी येतात आणि त्या खोट्या नाहीत. चुली आणि अंथरुणे पदपथावर असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना भर रहदारीत रस्त्यावर उतरून चालावे लागते. जवळपास सार्वजनिक शौचालय नसल्याने खांबामागची जागा त्यासाठी वापरली जाते आणि पावसाळ्यात तिथून जाणे नकोसे होते.

गेल्या वर्षी आमच्या अर्जांवरून अतिक्रमण हटवणारी गाडी तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी मी खाली उभा होतो. ताडपत्र्या, बोचकी, भांडी, स्टोव्ह असे सगळे कामगारांनी गाडीत भरले आणि त्या ढिगात पुलाच्या जाळीला टांगलेले शाळेचे एक दप्तरही गेले. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गाडीची मागची फळी धरून "त्यात माझी वही आहे" असे सांगत राहिली. गाडी निघून गेली. चौथ्या दिवशी सगळी कुटुंबे पुन्हा त्याच जागी होती. ताडपत्र्या तेवढ्या नव्या होत्या, आणि ती मुलगी त्यानंतर सकाळी शाळेत जाताना दिसली नाही. अर्जावर सही माझी होती, हे माझ्या मनातून जात नाही.

आता समितीने चौथा अर्ज लिहायला सांगितला आहे. पदपथ चालण्यासाठी मोकळा हवा, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु अशा कारवाईपूर्वी नोटीस द्यावी लागते का, या लोकांची राहण्याची सोय करणे ही पालिकेची जबाबदारी आहे का, आणि असल्यास ती अर्जात कोणत्या शब्दांत मागावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : कायदेपान

मी या शहरात वकिली करतो. आपण विचारलेल्या बाबतीतला मूळ निकाल मुंबईतूनच आलेला आहे. 1981 च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध काही पदपथवासी आणि पत्रकार ऑल्गा टेलिस न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला आणि तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला.

या निकालाचे दोन भाग आहेत आणि लोक सहसा आपल्या सोयीचा एकच सांगतात. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कारण माणूस पदपथावर राहतो तो जवळच मिळणाऱ्या कामासाठी आणि तिथून उठवले की त्याचे कामही जाते, हे न्यायालयाने मान्य केले. त्याच निकालात असेही म्हटले आहे की पदपथ ही ये-जा करणाऱ्यांसाठी असलेली सार्वजनिक मालमत्ता असून तिथे कायमचे राहण्याचा हक्क कोणालाही नाही. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याचे कलम 314 नोटीस न देता अतिक्रमण काढण्याची मुभा आयुक्तांना देते. न्यायालयाने ते कलम वैध ठरवले, मात्र नोटीस देणे हा नियम आणि न देणे हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला. पदपथवासीयांना पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, हटवू नये असाही आदेश झाला.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. हा निकाल पुलाखालच्या लोकांनाही लागू होतो, असे अनेकजण समजतात. तसे नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि जलाशय यांवरील बांधकामे त्या आदेशातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. त्यामुळे आपल्या प्रकरणात आधार 1985 च्या निकालाचाच घ्यावा लागेल.

सोय करण्याची जबाबदारी मात्र निश्चितपणे आहे. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत 2010 पासून सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांनी दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा, वर्षभर चोवीस तास उघडा असणारा एक निवारा उभारावा, असे आदेश दिले. पुढे 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी स्वतंत्र योजना आली आणि तिने हेच प्रमाण स्वीकारले. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच जनगणनेने मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले, आणि रात्री रस्त्यावर झोपलेल्या माणसांची मोजणी किती अवघड असते हे पाहता खरा आकडा त्याहून मोठा असणार, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : पूर्वउपनगर

माझी आई दृष्टिहीन आहे. ती काठीने चाचपडत पदपथावरून बसथांब्यापर्यंत जात असे. तिथे संसार मांडले गेल्यापासून तिचे एकटीने बाहेर पडणे बंद झाले. पुनर्वसनाची चर्चा चाळीस वर्षे चालू आहे आणि तोवर माझ्या आईने घरात बसायचे, हे मला मान्य नाही. या लोकांना निवाऱ्यात जागा देऊ केली की ते जात नाहीत, असे विभाग कार्यालयातले कर्मचारी मला स्वतः सांगतात. मग कारवाई करणाऱ्यालाच दोष का द्यायचा?

उत्तर : रात्रनिवारा_कार्यकर्ती

पूर्वउपनगर, तुमच्या आईचा पदपथावरचा हक्क इथे कोणीही नाकारू नये, आणि मीही नाकारत नाही. पण "ते जात नाहीत" या वाक्याविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मी अकरा वर्षे रात्रीच्या फेऱ्या करते आणि हे वाक्य प्रत्येक फेरीत ऐकते.

आम्ही ज्या निवाऱ्यांत माणसे नेतो, तिथे जागा असते ती बहुधा एकट्या पुरुषांसाठी किंवा मुलांसाठी. कुटुंबासाठी खोली असलेला निवारा शोधावा लागतो. आता ज्या बाईला नवरा, सासू, दोन मुली आणि बारा वर्षांचा मुलगा आहे, तिला सांगितले जाते की नवरा एकीकडे, मुलगा दुसरीकडे आणि तुम्ही बायका तिसरीकडे. ती नाही म्हणते, आणि कर्मचाऱ्याच्या वहीत "निवारा नाकारला" अशी नोंद होते. दुसरे कारण अंतराचे आहे. गजरेवालीला पहाटे फुलबाजारात पोहोचायचे असते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत सिग्नलवर थांबायचे असते. शहराच्या टोकाला असलेल्या निवाऱ्याचे दार रात्री नऊला बंद होत असेल, तर तो तिच्या काय कामाचा?

तिसरे कारण कागदांचे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुलाखाली राहणारी प्रत्येक बाई एक प्लास्टिकची पिशवी उशाखाली घेऊन झोपते. तिच्यात आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचे कार्ड आणि असलाच तर गावाकडच्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स असते. गाडी येते तेव्हा ती बाई सिग्नलवर असते. पिशवी बोचक्यात असते आणि बोचके गाडीत जाते. पारधी कुटुंबाला जातीचा दाखला पुन्हा मिळवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा केले आहे त्यालाच कळेल. ज्या जमातीला 1871 मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले होते आणि जिला तो डाग 1952 पर्यंत वागवावा लागला, तिच्या आजोबांच्या नावाचा महसुली पुरावा आणायचा कुठून? कागद गेले की रेशन जाते, शिष्यवृत्ती जाते, घरकुलाच्या यादीतले नाव जाते. तीन वर्षे खपून आम्ही उभे केलेले एका दुपारच्या कारवाईत संपते आणि पदपथ चार दिवसही मोकळा राहत नाही.

जागा कायमची मोकळी होते ती वेगळ्या वाटेने. भायखळ्याच्या पदपथांवरील बायकांनी 1980 च्या दशकात स्पार्क या संस्थेबरोबर आपलीच मोजणी केली. महिला मिलन या नावाने त्या एकत्र आल्या, रोज थोडे थोडे पैसे बाजूला टाकू लागल्या आणि त्यांतल्या अनेकजणी पुढे मानखुर्दला पक्क्या घरांत गेल्या. त्याला कितीतरी वर्षे लागली, हे मी लपवत नाही. पण ज्या घरी त्या गेल्या, तिथून त्यांना पुलाखाली परतावे लागले नाही.

सचिवसाहेब, म्हणून तुमच्या अर्जात पहिली मागणी सर्वेक्षणाची असू द्या. प्रत्येक कुटुंबात माणसे किती, काम कुठे, मुले कोणत्या शाळेत, कागद कोणते आहेत आणि कोणते नाहीत, हे पालिकेच्या समाज विकास अधिकाऱ्याने रात्री येऊन लिहून घ्यावे. दिवसा आलात तर निम्मी माणसे भेटणार नाहीत. त्यानंतर कुटुंबासहित राहता येईल आणि कामाच्या जवळ असेल अशा निवाऱ्याची मागणी करा. तोपर्यंत फिरते शौचालय आणि पाण्याची एक तोटी मिळाली, तर तुमच्या रहिवाशांची अर्धी तक्रार तिथेच मिटेल. चालण्यासाठी पदपथाचा ठरावीक भाग कायम रिकामा ठेवायचा, चूल पदपथावर न मांडता पुलाच्या आतल्या बाजूला लावायची, हे त्या कुटुंबांशी बसून ठरवता येते. मी दोन ठिकाणी ते होताना पाहिले आहे आणि दोन्ही ठिकाणी पट्टा आखण्याचा चुना त्या लोकांनीच आणला.

प्रतिसाद : पोर्टलंडकर

मी मूळचा ठाण्याचा, सध्या अमेरिकेत ओरेगॉन राज्यात राहतो. इथे घर नसलेल्या माणसांचे तंबू उद्यानांत आणि रस्त्यांच्या कडेला असतात आणि वाद अगदी असाच चालतो. ग्रँट्स पास या इथल्याच छोट्या शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 28 जून 2024 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी, सार्वजनिक जागी झोपणाऱ्यांना दंड करणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय दिला. पोर्टलंडच्या 2024 च्या नियमानुसार निवारा देऊ केला असताना नाकारणाऱ्याला शंभर डॉलरपर्यंत दंड किंवा सात दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. त्या दंडाने कोणाला घर मिळाल्याचे मी पाहिलेले नाही.

मात्र वरचा कागदपत्रांचा परिच्छेद वाचून इथल्या 2021 च्या राज्य कायद्यातली एक तरतूद आवर्जून सांगावीशी वाटली. वस्ती उठवण्यापूर्वी साधारणपणे 72 तास आधी सूचना लावावी लागते, आणि उचललेले सामान किमान तीस दिवस सांभाळून ठेवावे लागते, म्हणजे मालकाला ते येऊन परत नेता येते. या तरतुदीसाठी मोठा निधी लागत नाही. एक गोदाम, एक नोंदवही आणि पावतीपुस्तक पुरते.

प्रश्नकर्ता : सचिव_मध्यमुंबई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समितीपुढे ठेवण्यासाठी नवा मसुदा लिहायला घेतला आहे. त्यात सर्वेक्षण, कुटुंबनिवारा, फिरते शौचालय, लेखी नोटीस आणि उचललेल्या प्रत्येक वस्तूची पावती या मागण्या असतील, आणि कारवाई शाळेच्या वेळेत किंवा पावसाळ्यात करू नये असेही असेल. पूर्वउपनगर यांच्या मातोश्रींसारख्यांसाठी चालण्याचा पट्टा लगेच आखून मिळावा, ही मागणी मी सर्वांत वर ठेवतो आहे. दोन शंका उरतात. पत्ताच नसताना या लोकांची मतदार म्हणून नोंद होऊ शकते का? आणि त्या मुलीसाठी आत्ता काय करता येईल?

उत्तर : रात्रनिवारा_कार्यकर्ती

मतदार नोंदणी होऊ शकते. बेघर व्यक्तीने नमुना 6 मध्ये आपण झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का, याची खात्री करून घेतो. मग पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. तो येण्याच्या रात्री तुम्ही स्वतः खाली थांबलात तर फार मदत होईल, कारण अनोळखी सरकारी माणूस रात्री आला की ही कुटुंबे भीतीने उठून जातात.

मुलीसाठी अर्ज मंजूर होण्याची वाट पाहू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही या कारणावरून शाळा तिला प्रवेश नाकारू शकत नाही, आणि तिचे नाव पटावर असेल तर नव्या प्रवेशाचीही गरज नाही. तिच्या आईला बरोबर घेऊन उद्या सकाळी शाळेत जा आणि तिच्या वर्गशिक्षिकेला भेटा. जाताना एक दप्तर आणि चार वह्या घेऊन जा.