मदत हवी आहे : 'कॉमन्स'ला मराठीत काय म्हणावं? (निमित्त विश्वामित्रीचं)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यातली नऊ-दहा माणसं दर पंधरवड्याला दांडिया बाजारात एकाच्या घरी जमतो. राज्यशास्त्र आणि पर्यावरण दोन्ही धरून वाचतो. दोघं शिकवणारे, तिघी विद्यार्थिनी, बाकी माझ्यासारखे निवृत्त. चर्चा मराठीतच करायची असा नियम आहे आणि तिथंच अडलोय.

सध्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना वाचतोय. विषय 'कॉमन्स', म्हणजे कुरण, रान, पाणी अशा अनेकांनी मिळून वापरायच्या गोष्टी. सामायिक कुरणात जो तो आपलं एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं, असं पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं होतं. ऑस्ट्रॉमबाईंनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावांची रानं, स्पेनमधलं पाटपाणी यांचे दाखले देऊन दाखवलं की लोक आपापसात नियम करून अशा गोष्टी शतकानुशतकं टिकवतात. इथवर सगळ्यांना पटलं.

मग एक काका म्हणाले, "हे आपल्या विश्वामित्री नदीला लावून दाखवा."

डोंगरातल्या गावाला कुणाची गुरं किती हे ठाऊक असतं. आमची नदी पावागढकडून येते, आजवा तलावाचं पाणी तिला मिळतं, शहरात काठच्या घळींमध्ये भराव पडतो आणि ऑगस्ट २०२४ सारखा पूर आला की भलत्याच वस्तीतल्या घरात पाणी शिरतं. भराव टाकणारा आणि भोगणारा एकमेकांना ओळखतही नाहीत. शिवाय नदीत मगरी आहेत, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या. त्यांना या नियमांत कुठं बसवायचं? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण पूर ओसरला की सगळे पालिकेला बोल लावून मोकळे होतात. मीही त्यातलाच होतो.

आता शब्दाबद्दल. 'सामायिक' म्हटलं की भाऊबंदांची विहीर डोळ्यासमोर येते. तिथं प्रत्येकाचा हिस्सा असतो आणि तो विकताही येतो. 'सार्वजनिक' म्हटलं की लोक सरकारी समजतात. 'गायरान' मला सगळ्यात जवळचा वाटतो, पण तो जमिनीपुरता आणि सातबाऱ्यावर पुन्हा सरकारच. नुसतं 'कॉमन्स' ठेवावं असं विद्यार्थिनी म्हणतात. मला ते रुचत नाही. जो शब्द निवडू त्यावरच नदी कुणाची हे निम्मं ठरून जाईल.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाच्या कामाशी कुणाचा संबंध आहे का? तिथं गावाचा अभ्यासगट होता आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेत जंगलाबद्दल बोलताना कोणता शब्द वापरत, तो गोंडी असला तरी चालेल, कृपया कळवा. आणि शहरातल्या नदीसाठी वरच्या गावांनी आणि खालच्या वस्त्यांनी मिळून नियम केल्याचं उदाहरण माहीत असेल तर तेही. परदेशातलं असलं तरी हरकत नाही, पण शेवटी काय बिनसलं तेही लिहा.

पुढची बैठक रविवारी आहे. उत्तरं छापून नेणार आहे. आमच्यातले दोघं पडद्यावर वाचू शकत नाहीत.