रविवारची शिकार खटकते, रविवारचं मटण नाही?

नारिंगी टोपी:
परवा इथे 'पक्षीवेडी' यांचा लेख आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २ नोव्हेंबर २०२५च्या रविवारी त्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका पायवाटेवर पानगळ बघायला गेल्या, सकाळी सकाळी बंदुकीचे बार ऐकू आले, पोरं घाबरली, सगळे डबा न उघडताच परत आले. इथवर माझी तक्रार नाही. पण पुढे 'आठवड्यातला एक शांत दिवस होता, तोही या खुनशी लोकांनी गिळला' आणि 'आता आपलीही माणसं त्यात सामील होऊन मंडळात मिरवतात' अशी वाक्यं आहेत. आमच्या मंडळात हरणाची शिकार करणारा मराठी माणूस एकच आहे. तो मी. म्हणून हा वेगळा धागा.

एक तर तुम्ही ऐकलेले बार हरणांसाठी नव्हतेच. त्या दिवशी हरणांसाठी धनुष्यबाण चालू होता, त्याचा आवाज तुमच्या थर्मासच्या झाकणापेक्षा कमी येतो. ते बार खारींचे नाहीतर फेझंट पक्ष्यांचे. हरणांचा बंदुकीचा मोसम यंदा २९ नोव्हेंबरला उघडतो. आणि रविवारच्या शिकारीवरची ती बंदी १९व्या शतकातली होती, लोकांनी देवळात, म्हणजे चर्चमध्ये जावं म्हणून. यंदा जुलैत कायदा बदलला आणि गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यजीव खात्याने, १४ सप्टेंबर ते ७ डिसेंबर असे १३ रविवार खुले केले. पाद्र्यांच्या सोयीचा नियम तुम्हाला अहिंसेचा वाटला, त्याला मी काय करू?

आता मिरवण्याबद्दल. मी कोर्स केला, परीक्षा दिली, २०.९७ डॉलरचं लायसन काढलं, मादीचं वेगळं ६.९७. ऑगस्टपासून दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन १०० यार्डांवर तीन गोळ्या एका बशीत बसेपर्यंत घासतोय. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन गराजमध्ये झाकणाच्या डब्यात, सुक्या पानांत ठेवलेत, कारण आमच्या घरात लसणाची फोडणी पडली की पुढच्या काउंटीतली हरणं सावध होतात. गेल्या साली मचाणावर सात तास बसलो. बोटं इतकी गारठली की चाप जाणवेना. हरिणी पडली तेव्हा मी दहा मिनिटं खाली उतरलो नाही. हात थरथरत होते. त्याचं मिरवणं मंडळात कोणी पाहिलं असेल तर सांगा.

आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहणाऱ्यांनी मला खुनशी म्हणू नये. सुरी दुसऱ्याच्या हातात दिली की आपले हात स्वच्छ, हा हिशोब मला जमत नाही.

दीड शहाणा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एच-वन व्हिसावाल्यांना चालतं का हो हे?

नारिंगी टोपी:
ते वकिलाला विचारा. इथे कोणी 'हो' म्हणालं म्हणून बंदूक हातात घेऊ नका.

पक्षीवेडी:
माझ्या लेखातली वाक्यं सोयीने उचललीत, छान. मी माळकरी घरातली आहे, जन्मात मटण खाल्लेलं नाही, त्यामुळे तुमचं झणझणीत शीर्षक माझ्यापुरतं फुसकं. मुद्दा साधा होता. सोमवार ते शनिवार जंगल तुमचं होतं, एक दिवस आमचं. तोही का हवा?

आमच्या परसात रोज संध्याकाळी एक हरिणी दोन पिल्लं घेऊन येते. मी गाजरं आणि सफरचंदाच्या फोडी ठेवते. माझ्या मुलीने तिचं नाव चिंगी ठेवलंय. २९ तारखेला चिंगी आली नाही तर मुलीला काय सांगू, 'काकांच्या फ्रीजमध्ये आहे' म्हणून?

नारिंगी टोपी:
शीर्षक मागे घेतो. म्हणजे तुमच्यापुरतं, बाकीच्यांसाठी राहू दे.

सोमवार ते शनिवार म्हणाल तर ताई, पाच दिवस ऑफिस आणि शनिवारी दुपारी मुलांची मराठी शाळा. तुमची मुलगीही येते तिथे, समोसे मीच वाटतो. सुट्टी न मिळणाऱ्या माणसाला रविवारशिवाय आहे काय? २०१८पर्यंत तर बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा. तो शनिवारी आणला तेव्हाही 'परंपरा बुडाली' म्हणून इथले जुने शिकारीच रडले होते. आणि तुम्ही फिरता ती पायवाट गेम लँडवर, म्हणजे गेम कमिशनच्या जमिनीवर असेल, तर ती जमीन लायसनच्या पैशांतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या करातून राखलेली आहे. त्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरायचा कायदा १९३७चा आहे. दुर्बिणीवर कोणी कर भरतं का?

कलमबहाद्दर:
@पक्षीवेडी, तुमचं घर सीडब्ल्यूडीच्या, म्हणजे हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगासाठी आखलेल्या डीएमए पट्ट्यात असेल तर हरणांना खायला घालणं बेकायदेशीर आहे. एका ठिकाणी तोंडं आली की रोग पसरतो. शिकाऱ्यालाही त्या पट्ट्यातून डोकं आणि मणका बाहेर नेता येत नाही. गाजर तपासा.

पक्षीवेडी:
कमाल आहे! गोळी घालणारा कायदेशीर आणि गाजर देणारी गुन्हेगार!

सड्यावरचा:
मूळ विषयाशी संबंध नाही, पण राहवत नाही. तुम्ही लोक कुठल्या रविवारी मारायचं यावर भांडताय. आमच्याकडे कोकणात कुठल्याच वारी नाही.

२०२४चा ऑक्टोबर. भात लोंबीवर. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि निरोप आला, बंदूक जमा करा. शेतसंरक्षणाची एकनळी, वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर व्हायला चार वर्षं गेलेली. जमा केली, पावती घेतली. तिसऱ्या रात्री डुकरं आली. सकाळी मळ्यात गेलो तर वीस गुंठे रोलर फिरवल्यासारखे. खाल्लं थोडं, लोळवलं जास्त. आई बांधावर बसून एकेक लोंबी उचलून झटकत होती. मी म्हटलं सोड गो, तर म्हणते कोंबड्यांना होईल. बंदूक परत आली तेव्हा मळ्यात राखायला एक लोंबीसुद्धा नव्हती.

कलमबहाद्दर:
वाईट झालं. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या ११व्या कलमाखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेलं आहे.

सड्यावरचा:
डुकराला कळवा अनुसूची बदलली ती. बार आकाशात काढतो मी. आवाजाला पळतात, तेवढंच.

वऱ्हाडी ठेचा:
राजे हो, डुक्कर तरी बरं. आमच्याकडं रोही, म्हंजी नीलगाय, हाय. घोड्यावानी जनावर, वीस-पंचवीसचा कळप हरभऱ्यात शिरला की वावर साफ. कुंपनाला झटका मशीन लावली, तर बॅटरीच चोरून नेली कोनी. आता जागलीवर जातो, थंडीत शेकोटी करून रातभर डबडं बडवतो. २०१६ मध्ये बिहारनं केंद्राची परवानगी घेऊन दोनशेवर नीलगायी मारल्या, तर दिल्लीत मेनका गांधी आन् जावडेकर या दोन मंत्र्यांचंच भांडन लागलं. 'गाय' नाव दिलं थितंच घात झाला. आमी रोहीच म्हनतो.

वनरक्षक निवृत्त:
आता माझं ऐका. खात्यात ३१ वर्षं काढली, शिव्या सगळ्यांच्या खाल्ल्या. एका काजूच्या बागेच्या कुंपणात डुकरासाठी क्लच वायरची फासकी लावली होती. त्यात बिबट्याची मादी अडकली, तार कमरेत रुतलेली. ती हिसके देई तशी तार आत जाई. आजूबाजूला मोबाईल घेऊन दोनशे माणसं. गुंगीचं इंजेक्शन येईपर्यंत चार तास गेले. मेली. पोटात पिल्लं होती. फासकी लावणारा बागवालाही गरीबच, माझ्यासमोर हात जोडून रडत होता. त्यामुळे 'शेतकऱ्यांना मोकळीक द्या' म्हणताना नक्की कशाची मोकळीक, ते बोला. गावठी बॉम्ब चावून जबडा उडालेली गायही पाहिली आहे मी.

सड्यावरचा:
साहेब, फासकी मी लावत नाही. पण लोक का लावतात? अर्ज करा, पंचनामा करा, सातबारा जोडा, फोटो जोडा, आणि भरपाई येते ती बियाण्याला पुरत नाही. तुमची ३१ वर्षं पगाराची होती.

वनरक्षक निवृत्त:
पगाराची होती म्हणूनच पंचनाम्याला रात्री-अपरात्री पाच मैल चालत आलो. बोलताना जीभ सांभाळा.

दीड शहाणा:
चिंगी पेन्सिल्व्हेनियात राहिली, धागा काजूच्या बागेत पोचला.

नारिंगी टोपी:
खरंय, गाडी मूळ रुळावर आणू या. पण सड्यावरचे म्हणतात त्याला इथलं उत्तर आहे ना? हरणं वाढली की मोसम लांबवतात, मादीची लायसनं वाढवतात. दरवर्षी आकडे बघून नियम हलतात. तसं तिकडे...

वनरक्षक निवृत्त:
तिकडचं इकडे चिकटवू नका. तुमच्याकडे एका माणसाला एवढी जमीन. आमच्याकडे जंगलाला लागून वाडी, वाडीला लागून शाळा. मोसम उघडला तर डुकराआधी भेकरं आणि ससे संपतील. राजेमहाराजांपासून सगळ्यांनी हौस भागवली आणि कायदा आल्यावर पहिला काठीखाली आला तो फासेपारधी, तितर-लाव्हे धरून पोट भरणारा. शिकारीची मोकळीक कोणाला मिळते आणि काठी कोणाला, हे मी पाहिलंय.

सड्यावरचा:
हे मात्र खरं बोललात. मघाचं पगाराचं मागे घेतो. अर्धं.

पक्षीवेडी:
माझ्या लेखावरचा धागा आहे, म्हणून परत येते. नकाशा पाहिला, आमचा रस्ता त्या पट्ट्यात येतो. गाजरं बंद. मुलगी दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. 'खुनशी' हा शब्दही जास्त झाला, 'आडमुठे' वाचावं. पण बंदुका असलेल्या रविवारी पोरांना घेऊन जायचंच असेल तर काय करायचं, ते कोणी सांगितलंच नाही.

नारिंगी टोपी:
आडमुठे चालेल. नारिंगी घाला. शिकाऱ्याला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच लागतं. गेम लँडवर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर फिरणाऱ्यांनाही नारिंगी सक्तीचं आहे. पोरांना टोपी आणि जाकीट दोन्ही. आणि घरापासून १५० यार्डांच्या आत कोणालाही तुमच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही, त्यामुळे परसात असेतो चिंगी सुरक्षित आहे.

पक्षीवेडी:
गाजरं नसतील तर ती परसात कशाला थांबेल?

नारिंगी टोपी:
...

पक्षीवेडी:
टोप्या कुठे मिळतात? आणि विचारलं म्हणजे पटलं असं समजू नका.

नारिंगी टोपी:
वॉलमार्ट, शिकारीच्या सामानाच्या रांगेत. माझ्याकडे लहान मापाच्या दोन पडून आहेत, शनिवारी मराठी शाळेत आणतो.

सड्यावरचा:
आता रात्रीचे दीड वाजलेत. मळ्यात सात डुकरं आलीत, एक मोठा सुळेवाला. बॅटरी मारली तर बघतसुद्धा नाही. कोणी जागं आहे का?

वऱ्हाडी ठेचा:
हाय ना भाऊ. मी बी वावरातच हाव. डबडं बडव.