सरकारी शाळा, रविवारचं चर्च: न्यूयॉर्कची बंदी योग्य होती का?

चौकस
अमेरिकेत स्वतःची इमारत नसलेली बरीच चर्चेस रविवारी सरकारी शाळेत भरतात. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने याला मनाई केली होती. ब्राँक्स हाउसहोल्ड ऑफ फेथ या छोट्या चर्चने १९९४ साली जागा मागितली, नकार मिळाला आणि खटला २०१५ पर्यंत रेंगाळला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिल्यामुळे शहराचा नियम टिकला. (नियम टिकला, पण शहराचे तेव्हाचे महापौर डी ब्लासिओ चर्चेसना राहू द्यावं या मताचे होते. असो.)

माझ्या मते नियम रास्त होता. मंडळ जागेचं भाडं घेत नव्हतं, वीज, गॅस, एसीचाही आकार नाही, हे अपील न्यायालयाच्या निकालातच नोंदवलंय. म्हणजे चर्च चालवण्याचा बराचसा खर्च करदात्याच्या खिशातून. शिवाय शाळा मोकळी असते मुख्यतः रविवारी. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाला सभागृह कुठून मिळणार? तेव्हा वर्ग चालू असतात. 'सगळ्यांना खुलं' हे कागदावरच.

कलम_बहाद्दर
असहमत. भाडं घेत नसतील तर घ्या की! स्काउट, नाटक मंडळी, चर्च, सगळ्यांकडून एकाच दराने. दुखणं भाड्याचं आणि औषध बंदीचं, हे कसं?

कायदाही बघा. लँब्स चॅपल (१९९३) खटल्यात त्या नावाच्या चर्चच्या कुटुंबविषयक चित्रफिती केवळ धार्मिक दृष्टीच्या म्हणून शाळेने नाकारल्या. सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने शाळेला चूक ठरवलं. २००१ मध्ये मिलफर्डच्या शाळेने ६ ते १२ वयाच्या मुलांचा 'गुड न्यूज क्लब' हा ख्रिस्ती क्लब नाकारला, तिथेही शाळा ६-३ ने हरली. बाहेरच्यांना दार उघडलंत की 'तुमचं बोलणं देवाधर्माचं' म्हणून एकालाच बाहेर ठेवता येत नाही.

चौकस
ते दोन्ही निकाल चर्चा आणि शिकवणुकीबद्दल आहेत. न्यूयॉर्कचा नियम फक्त 'उपासनाविधी' आणि 'शाळेचा प्रार्थनामंदिरासारखा वापर' यापुरता होता. भजन, प्रार्थना, बायबल-अभ्यास चालत होता. अपील न्यायालयाने नेमका हाच फरक धरला.

कलम_बहाद्दर
आणि हा फरक करणार कोण? परवाना खात्यातला कारकून! प्रार्थना चालेल, स्तोत्र चालेल, प्रवचन चालेल. तिन्ही ओळीने केली की विधी. आता इथल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती घ्या. प्राणप्रतिष्ठा, आरती, मग मुलांचे नाच आणि जेवण. सांस्कृतिक कार्यक्रम की उपासनाविधी? अर्जावर काय लिहाल?

हॉल_बुकिंग
अर्जावर 'सांस्कृतिक कार्यक्रम' एवढंच लिहून आरतीबद्दल गप्प बसणं हीच नेहमीची गफलत. सगळं लिहा. स्कूल डिस्ट्रिक्टगणिक (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेगणिक) नियम वेगळे, पण सहसा लागतं ते असं: ना-नफा संस्थेचा पुरावा, दहा लाख डॉलरचा दायित्व विमा (कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा) आणि त्यात डिस्ट्रिक्टचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. हे नाव राहिलं की अर्ज परत येतो. शनिवार-रविवारी कस्टोडियनचा (शाळेची देखभाल-सफाई करणाऱ्याचा) ओव्हरटाइम वेगळा, बऱ्याच ठिकाणी किमान तास ठरलेले असतात. दोन तासांत आवरलं तरी बिल चार तासांचं.

उघडी ज्योत बहुतेक ठिकाणी चालत नाही. कापराचा धूर डिटेक्टरपर्यंत गेला की अलार्म थेट अग्निशमन दलाला, आणि खोट्या अलार्मचा दंड मंडळाच्या माथी. बॅटरीचे दिवे न्या. प्रसादाच्या लाडवात काजू-शेंगदाणे असतील तर शाळेला आधी विचारा. मुलांच्या ॲलर्जीमुळे कित्येक शाळा सुकामेवा आत येऊच देत नाहीत.

आता चर्चबद्दल. भांडणं उपासनेवरून कमी, सामानावरून जास्त. कीबोर्ड, स्पीकर, खुर्च्यांच्या गाड्या, पाळणाघराची खेळणी. हे सगळं 'एवढं आठवडाभर राहू दे' म्हणत वस्तुभांडारात शिरतं आणि सोमवारी संगीत-शिक्षकाचं कपाट अडतं. परवान्यात 'सामान ठेवता येणार नाही' ही ओळ पाहिजेच.

चौकस
माझाही मुद्दा तोच. गणपती वर्षातून एकदा. दर रविवारी दारात चर्चचा फलक लागला की शेजारच्यांना ती शाळा चर्चच वाटते. वर्षाला कमाल दिवसांची मर्यादा घाला, कुठल्याही संस्थेला. बंदीपेक्षा ते बरं.

कलम_बहाद्दर
मग आपली मराठी शाळा पहिली रस्त्यावर येईल, तीही दर आठवड्याला भरते!

आणि नावडत्या गटाला वेगळा न्याय दिला की खिसा हलका होतो. पेनसिल्व्हेनियातल्या सॉकन व्हॅलीत सेटॅनिक टेंपल या सैतानाचं नाव लावणाऱ्या संघटनेच्या क्लबला डिस्ट्रिक्टने आधी होकार दिला, आरडाओरडा झाल्यावर काढून घेतला. २०२३ मध्ये संघीय न्यायाधीशांनी क्लबच्या बाजूने आदेश दिला, आणि तडजोडीत डिस्ट्रिक्टला वकिलांच्या खर्चापोटी दोन लाख डॉलर मोजावे लागले.

हॉल_बुकिंग
दिवसांची मर्यादा नको, रांग ठेवा. परवाना सहामाही, मुदत संपली की सगळ्यांचे अर्ज एकत्र, एकाच तारखेला उघडायचे. जुन्या भाडेकरूला आपोआप नूतनीकरण नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यानंतरचे आणि शनिवारचे तासही त्याच यादीत टाका, म्हणजे चौकस यांचा जुम्म्याचा आक्षेप निदान थोडा तरी कमी होईल.