राथ, लिस, कॅशल: 'परींचा किल्ला' म्हणावे का?

प्रश्न: आयरिश लोककथांच्या भाषांतरांत 'फेअरी फोर्ट'चा सरळ 'परींचा किल्ला' होतो. मूळ भाषेत मात्र राथ, लिस, कॅशल, दून असे वेगवेगळे शब्द आहेत. सगळ्यांना किल्लाच म्हणायचे का?

उत्तर: नको. किल्ला म्हटले की तट, बुरूज आणि शिबंदी आली. फेअरी फोर्ट म्हणजे शेतांत उरलेले जुने गोल बांध. हे अवशेष मुख्यतः इ. स. 500 ते 1000 या काळातल्या शेतकऱ्यांच्या राहत्या घरांचे आहेत. गोल खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या कडेला टाकून बांध घालायचा, आत घर. बांधामुळे गुरे चोरणाऱ्यांना आणि लांडग्यांना आळा बसे. वेढा सोसायची त्याची ताकद नव्हती. आतला व्यास बहुधा 30 मीटरच्या आसपास. बहुतेकांना एकच बांध. दोन-तीन असले तर मालक बडी असामी.

मातीच्या बांधाचा तो राथ. बरेनसारख्या खडकाळ भागात खंदक खणणार कुठे? तिथे चुन्याशिवाय दगड रचून भिंत घालत. तो कॅशल किंवा काहिर. लिस म्हणजे खरे तर बांधाच्या आतली मोकळी जागा, पण गावांच्या नावांत राथ आणि लिस यांतला फरक पुसट होतो. दून हे सहसा सरदाराचे ठाणे, त्याला किल्ला खपेल.

प्रश्न: मग गढी कशी वाटते?

उत्तर: मातीची आणि एका घराण्याची, इथवर जुळते. पण गढीला उंच भिंती असतात आणि ती गावावरचा अंमल दाखवते. आयर्लंडमध्ये अशा सुमारे 45,000 जागांची नोंद आहे. इतक्या गढ्या कोण बांधणार? आपल्याकडे शेतातल्या घराला 'वस्ती' म्हणतात, तो शब्द जास्त जवळचा. पहिल्यांदा 'राथ, म्हणजे बांधाने वेढलेली शेतवस्ती' असे लिहावे, पुढे नुसते राथ.

दुसरे उत्तर: किल्ल्याइतकाच 'परी' हा शब्दही फसवा आहे. मूळ शब्द 'ईस शी', टेकाडातले लोक. पंख नाहीत, जादूची कांडी नाही. माणसाएवढे, मानी आणि डूख धरणारे. जुन्या आयरिशमध्ये 'शी' म्हणजे आधी टेकाड, मग त्यात राहणारे. मराठीत नुसते 'शी' लिहिले तर वाचक नाक मुरडेल, म्हणून 'टेकाडवासी' बरे. त्यांच्या धाकाने राथवर नांगर घालत नसत, झाड तोडत नसत. कितीतरी राथ त्यामुळेच टिकले. पुढे यंत्रे आली आणि पुष्कळ सपाट झाले.

प्रश्न: आतल्या 'सूटरेन'ला तळघर म्हणू का?

उत्तर: भुयार म्हणा. चर खणून दोन्ही बाजूंना दगड रचत, वर मोठ्या शिळा टाकत आणि माती लोटत. मध्ये मुद्दाम अरुंद भोक ठेवत. हल्लेखोर रांगत आला तर त्याचे डोके आधी बाहेर येते, आणि आतल्याला तेवढे पुरते. एरवी लोणी-दूध थंड ठेवायला उपयोग. छताच्या शिळांवर कधी ओगम, म्हणजे रेघांची जुनी आयरिश लिपी सापडते, पण तिच्यावरून भुयाराचा काळ ठरवू नये. ओगमचे दगड जुने, उचलून आणून वापरलेले. भुयार त्यानंतरचे, एवढेच सिद्ध होते. केरी परगण्यात डनलोजवळ असेच भुयार 1838 मध्ये सापडले.

पुरवणी: जुन्या पुराणवस्तू-अभ्यासकांच्या टिपणांत हेच राथ 'डेनांचे', म्हणजे व्हायकिंगांचे, 'किल्ले' म्हणून येतात. भाषांतरात शब्द तसाच ठेवा, पण तळटीप हवी. व्हायकिंगांचे हल्ले 795 मध्ये सुरू झाले. कितीतरी राथ त्याआधीचे आहेत.

गावांच्या नावांत रॅथ-, लिस-, कॅशल, काहिर दिसले तर तिथे असा अवशेष असल्याचा अंदाज सहसा बरोबर येतो. लिस्डूनवार्नात तर लिस आणि दून दोन्ही आहेत. 'किल-' मात्र किल्ल्याचा नव्हे. ते बहुधा 'किल', म्हणजे चर्च, जसे किल्डेअर (ओकचे चर्च). कधी कधी 'कॉइल', म्हणजे रान, जसे काइलमोर (मोठे रान). इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये, आयरिश रूप काढून पाहावे.