मदत हवी आहे: ड्रॉप-सेकच्या चिपमधून थेंब लहान-मोठे पडतायत

सूक्ष्मधारा:
ड्रॉप-सेक, म्हणजे एकेक पेशी बारकोडच्या मण्यासोबत थेंबात पकडून तिची जनुकं वाचायची पद्धत. पीडीएमएसची (सिलिकॉन रबरची) चिप, थेंब १२५ मायक्रॉनचे हवेत. पेशी आणि बीड्स (ते बारकोडचे मणी) ताशी ४-४ मिली, फ्लोरिनेटेड तेल ताशी १५ मिली. पहिली पाचेक मिनिटं थेंब एकसारखे, मग लहान-मोठे. ट्यूबमध्ये थेंबांच्या पांढऱ्या थरावर स्वच्छ पाणी साचतं. तेलाचा वेग वाढवला की थेंब बारीक होतात, पण एकसारखे नाहीत. बीड्स बदलू का?

थेंबेथेंबे:
बीड्सना हात लावू नका. जंक्शनच्या (तेल-पाणी भेटून थेंब तुटतात त्या जागेच्या) पुढची भिंत सूक्ष्मदर्शकातून बघा. पाणी भिंतीला धरून सरकत असेल तर चॅनेलमधला पाणी झटकणारा लेप गेलाय, किंवा बसलाच नव्हता. चिप काचेवर बसवताना दिलेल्या ऑक्सिजन प्लाझ्मामुळे पीडीएमएस पाणी धरायला लागतं. आपल्याला उलट हवं: भिंत तेलानं भिजलेली, पाणी मधोमध सुटं. अ‍ॅक्वापेल (काचेवरचं पाणी झटकणारं द्रावण) भरा, मिनिटभर ठेवा, हवेनं पूर्ण बाहेर काढा, ६५ अंशांना वाळवा. हवा मारताना घाई नको. आत राहिलेलं वाळून चॅनेल बुजतं.

पिपेटवाला:
तेलात सरफॅक्टंट (थेंबांना एकमेकांत मिसळू न देणारं रसायन) आहे ना? नुसत्या तेलात थेंब सुंदर पडतात आणि ट्यूबमध्ये जाऊन एक होतात. वरचं पाणी त्यामुळेही येतं.
निदानासाठी पेशी-बीड्स न घालता नुसता पीबीएस (पेशींचं खारं द्रावण) आणि लायसिस बफर (पेशी फोडणारं, बीड्सचं द्रावण) चालवा. चिपमध्येच थेंब वेडेवाकडे, तर भिंत. चिपमध्ये ठीक पण ट्यूबमध्ये एक झालेले, तर सरफॅक्टंट. बीड्स घातल्यावरच बिघडतंय, तर जंक्शनमध्ये गठ्ठा नाहीतर कपड्याचा धागा.

सूक्ष्मधारा:
भिंतच निघाली, नव्या लेपावर थेंब नीट. आता पेशी फार कमी हाती लागतात. मायक्रोलिटरला १०० घेतल्यात, दुप्पट करू?

थेंबेथेंबे:
नका! दोन प्रवाह मिसळले की १०० चे ५० होतात. थेंब साधारण १ नॅनोलिटरचा, म्हणजे २० थेंबांत एक पेशी. बीड्स १२० घेतल्या तर १६-१७ थेंबांत एक. दोघांची गाठ सुमारे ३३० थेंबांत एकदाच पडते, त्यामुळे बहुतेक पेशी वाया जाणारच. पेशी दुप्पट केल्यात तर एकाच बारकोडखाली दोन पेशी येण्याचं प्रमाणही जवळपास दुप्पट होईल.
त्यापेक्षा बीड्सची सिरिंज बघा. त्या तळाशी बसतात आणि उत्तरार्धात रिकामे थेंब पडतात. आत चुंबकी चकती टाकून हळू फिरती ठेवा.